धाकट्या जावेची गिटार

मृणालीच्या शोकसभेला दोनशे सात माणसं आली. मी मोजली. आपल्या माणसाच्या शोकसभेत कुणी डोकी मोजत बसत नाही, हे मला कळतं. पण मी पुढच्या बाजूला खुर्चीवर बसले होते, समोरच्या दारातून माणसं येत होती आणि माझी मोजणी आपोआप चालू होती. उरणहून आली, पेणहून आली, रोह्याहून आली. मुरुडहून तर टेम्पो भरून आला. बहुतेकांना मी चेहऱ्यानं ओळखत होते, कारण गेली कित्येक वर्षं दर जानेवारीत त्यांना पोहे मीच वाढले होते. मी गेले तर किती येतील, तेही मी तिथंच बसून ठरवून टाकलं. नातेवाईक, शेजारी, वाडीतली गडीमाणसं धरून साठ-सत्तर. त्यातले निम्मे जेवणापुरते.

मुरुडचे रत्नपाल सर बोलायला उभे राहिले. सर हायस्कुलातून निवृत्त झालेत. अंगानं काटकुळे, आवाज मात्र भरदार. तरुणपणी भीमगीतांच्या पार्टीत ते हवाईयन गिटार वाजवायचे. ते म्हणाले, "आम्ही आपापल्या घरात एकेकटे वाजवत होतो. पार्ट्यांमध्ये कीबोर्ड आले आणि आमची गिटार माळ्यावर गेली. आपल्यासारखं दुसरं कुणी या किनाऱ्यावर उरलंय, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. ताईंनी आम्हाला एकेकाला शोधून काढलं." मग ते माझ्याकडे वळले. "आता अनुसूयावहिनी दोन शब्द बोलतील. त्यांच्याइतकं जवळून ताईंना कुणी पाहिलेलं नाही."

मी उठले. "मृणाली चांगली होती. तिनं सगळ्यांना धरून ठेवलं," एवढं म्हणाले आणि बसले. लोकांना वाटलं, दुःखानं मला बोलवेना. दुःख होतंच, नाही असं नाही. पण शब्द अडले ते वेगळ्याच गोष्टीपाशी. बत्तीस वर्षं मी त्या बाईचा हेवा केला होता, आणि ती गेली तरी तो गेला नव्हता.

मी लग्न होऊन किहीमला आले ते एक्याऐंशी साली. आमची नारळी-पोफळीची वाडी, मागच्या बाजूनं चाललं तर पाच मिनिटांत समुद्र. माझं माहेर अलिबागचं. तिथं मी सात वर्षं गाणं शिकले होते, तीन परीक्षा दिल्या होत्या. आमचे गुरुजी कौतुक करणारे नव्हते, पण एकदा म्हणाले होते, "अनुसूयेचा कान फसत नाही." ते वाक्य मी हुंड्यासारखं बरोबर घेऊन आले होते. तंबोराही आणला होता. तो सासूबाईंनी चौथ्या दिवशी परत पाठवायला लावला. "वाडीत गडी असतात. घरातल्या सुनेनं गळा काढलेला बरा दिसत नाही," असं त्या म्हणाल्या. यजमान, हरी त्यांचं नाव, खाली मान घालून ऐकत राहिले. तंबोरा बैलगाडीत घालून तेच अलिबागला पोचवून आले. मी रडले नाही. घरात रीतच तशी असेल, असं मनाला समजावलं आणि खोबरं किसायला बसले.

दहा वर्षांनी धाकट्या दिरांचं, वामनभावजींचं लग्न झालं. मुलगी म्हसळ्याची. वडील एसटीच्या डेपोत कामाला. पोरगी सावळी, उंच, दात किंचित पुढे. तिच्या सामानात लांबलचक काळी पेटी होती. सासूबाईंनी विचारलं, "हे गं काय?"

"गिटार आहे, आई. बाबांनी शिकवली."

"ती नाचत वाजवतात ती?"

"नाही, ही बसून वाजवायची." आणि तिनं तिथंच ओटीवर बसकण मारली, गिटार मांडीवर आडवी ठेवली, उजव्या हाताच्या बोटांत नख्या चढवल्या, डाव्या हातात अंगठ्याएवढी जाड पोलादी गुल्ली धरली. तिला ते लोक बार म्हणतात. बाकी गिटारवाले बोटांनी तारा दाबतात, हे लोक ती गुल्ली तारांवरून सरकवतात. त्यामुळे सूर सुटासुटा येत नाही, एका सुरातून दुसऱ्यात वाहत जातो, माणसाच्या गळ्यासारखा. तिनं आमच्या घरात रोज संध्याकाळी म्हणतात ती आरती वाजवली.

मी आतल्या दारात उभी होते. हाताला पीठ लागलं होतं. मला अगदी स्वच्छ ऐकू आलं, की दुसऱ्या कडव्यात तिचा निषाद उतरला. बाकी कुणाला कळलं नाही. सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "रोज दिवेलागणीला वाजवत जा हो. घराला बरं वाटेल."

घराला बरं वाटेल!

त्या दिवशी माझी पोळी तव्यावर करपली. पुढं संधी मिळाल्यावर मी यजमानांना विचारलं, "मला नाही म्हणाल्या होत्या. हिला कशा हो म्हणाल्या?"

ते म्हणाले, "अगं, गाणं वेगळं, वाजवणं वेगळं. आणि आईचंही आता वय झालंय."

वय झालं म्हणून माणूस मऊ झालं, आणि तो मऊपणा नेमका तिच्या वाट्याला आला. तिची त्यात चूक काय? काहीच नाही. हेच मला सोसेना. चूक असती तर तिच्यावर रागावता आलं असतं. मृणाली कामाला वाघीण, उलट उत्तर देणार नाही, माझ्याआधी पाणी भरून ठेवील, "वहिनी, तुम्ही बसा" म्हणेल. वाडीत कामाला येणारी रंगू पोफळीखाली झाडू टेकवून ऐकत उभी राहायची. "काय वाजिवतंय गो बायो, पोटात कालवतंय," म्हणायची. पोटात माझ्याही कालवायचं. रंगूचं आणि माझं कालवणं निरनिराळं.

माझी मुलगी भार्गवी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. मी ठरवलं, हिला गाणं शिकवायचं. सासूबाई दुपारी झोपल्या की मी तिला मागच्या पडवीत घेऊन बसायचे आणि हळू आवाजात सा लावायचे. चार-पाच दिवस तिनं केलं. मग एक दिवस म्हणाली, "आई, आपण हळूच का गायचं? काकू तर मोठ्यानं वाजवते."

पुढच्या महिन्यात ती मृणालीशेजारी मांडी घालून बसलेली मला दिसली. मांडीवर ती गिटार, जवळजवळ तिच्याएवढीच. मृणालीनं मागून तिचा मनगटाजवळ हात धरला होता आणि दोघी बार सरकवत होत्या. भार्गवी खुदुखुदु हसत होती. मी त्यांना दूध नेऊन दिलं. भार्गवीनं वरसुद्धा पाहिलं नाही.

मृणालीला मूल झालं नाही. लोकांना वाटायचं, म्हणून ती भार्गवीत जीव गुंतवते. मला तसं वाटत नाही. तिला कुणीही चाललं असतं. समोरच्याला यायला लागलं की तिचा चेहरा फुलायचा, मग तो कुणी का असेना. ती स्वतः काही फार थोर वाजवायची नाही, हे मी आज शपथेवर सांगते. रत्नपाल सर तिच्यापेक्षा कितीतरी वरचे. पण सरांचं वाजवणं ऐकून तिच्या अंगावर काटा यायचा आणि तो ती हात पुढे करून सगळ्यांना दाखवायची, "बघा, बघा!" म्हणायची. मी कधीच कुणाला असा काटा दाखवलेला नाही. मला दुसऱ्याचं चांगलं ऐकताना आधी त्याच्या चुका ऐकू येतात.

सासूबाई अठ्ठ्याण्णव साली गेल्या. त्यानंतर मृणालीचे वडीलही वारले. त्यांच्या मागं त्यांच्या ओळखीचे दोन-तीन जुने वाजवणारे तिला भेटायला आले. एकाची गिटार मोडकी होती, तारा मिळत नव्हत्या. मृणालीनं मुंबईला जाऊन तारा आणल्या, गिटार लावून दिली. त्यानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. कुणी मिठागरावर मुकादम, कुणी बँकेतला, मुरुडच्या बाजारातला एक शिंपी, रोह्याची एक नर्स. असे माळ्यावर गिटार टाकून बसलेले लोक तिनं पार उरणपासून श्रीवर्धनपर्यंत हुडकले. एसटीनं जायची. कुणाच्या तरी सांगण्यावरून एखाद्या गावात उतरायची आणि पानाच्या दुकानात विचारायची, "इथं ते आडवी गिटार वाजवणारे कुठं राहतात?" मग २००३च्या जानेवारीत आमच्या अंगणात पहिला मेळावा झाला. अकरा जण आले. पाचव्या वर्षी साठ. नंतर बसायला मांडव घालावा लागे.

या सगळ्यांना चहा, पोहे, दुपारी आमटी-भात हे आपोआप माझ्याकडे आलं. मला कुणी सांगितलं नाही. मृणाली मदतीला यायची, पण दर दोन मिनिटांनी बाहेरून हाक, "मृणालीताई, ही तार बघा ना!" ती पदर खोचलेला तसाच ठेवून पळायची. मला हाक यायची तीसुद्धा गोडच असायची. "काकू, थोडा चहा मिळेल का?" ती ताई, मी काकू. माझ्यापेक्षा ती फक्त दहा वर्षांनी लहान होती.

आता जे सांगायचं ते सांगते. २००९ सालची गोष्ट. भार्गवी पुण्यात नोकरीला लागली होती. दिवाळीला तिला रजा मिळाली नाही. मी चकल्या डब्यात भरून कुरिअरनं पाठवल्या. आणि जानेवारीत मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी ती दारात हजर. "काकू, मिळाली बाई सुट्टी! दोन दिवस!" असं ओरडत आत आली आणि मृणालीच्या गळ्यात पडली. मग मला वाकून नमस्कार केला. नमस्कार! मुलगी आईला नमस्कार करते आणि काकूला मिठी मारते.

सकाळी मांडवात माणसं जमायला लागली होती. मृणालीची गिटार ओटीवर ठेवलेली, शेजारी तिचा बार. वडिलांनी दिलेला, जुना, वापरून वापरून आरशासारखा झालेला. मी चहाचा ट्रे घेऊन तिथून गेले आणि परत येताना तो बार उचलला. हातात घेतल्यावर कळलं, किती जड आहे. कोठीच्या खोलीत जाऊन तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि बार खाली सोडून दिला. वर तांदूळ सारखे केले. हात धुतले आणि कांदा चिरायला घेतला.

अर्ध्या तासानं शोधाशोध सुरू झाली. गादीखाली, पेटीत, अंगणात. भार्गवी रडकुंडीला आली. पाहुण्यांनी आपापले बार पुढं केले, पण कुणाचा हलका, कुणाचा टोकाकडे निमुळता. मृणाली म्हणाली, "या गिटारीवर दुसऱ्याचा बार बसत नाही, तारा करकरतात." तिचा चेहरा उतरला होता. मी विळीवर बसून पाहत होते आणि माझं समाधान होत होतं. खोटं कशाला बोलू?

मग ती स्वयंपाकघरात आली. माझ्याशेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, "वहिनी, तुमचा वेलदोडे कुटायचा खलबत्ता आहे ना, छोटा पोलादी? त्यातला बत्ता द्या बरं."

"काय करतेस?"

"बघते सरकतो का."

नाही म्हणायला कारण नव्हतं. मी दिला. तिनं तो पदराला पुसला, वास घेऊन हसली आणि बाहेर गेली. आणि त्या बत्त्यानं तिनं वाजवलं. आवाज थोडा खरबरीत होता, किंचित घसा बसलेल्या बाईसारखा. जन्मात तिनं इतकं चांगलं वाजवलं नसेल. एकही सूर हलला नाही. लोक उभे राहिले. रत्नपाल सर मोठ्यानं म्हणाले, "ताई, आता हाच ठेवा!" सगळे हसले, टाळ्या कडकडल्या. अलिबागच्या एका साप्ताहिकाचा वार्ताहर आला होता, त्यानं बत्त्याचा फोटो काढला. "वेलदोड्याचा सुगंध असलेले सूर" असं काहीतरी छापूनही आलं. माझ्या बत्त्याचं नाव झालं. माझं नव्हे.

एरवी तांदूळ काढायला मीच जायची, चार दिवसांनी ती गेली. मापटं खणकन वाजलं. मी दाराशी होते. मृणालीनं हात घालून बार बाहेर काढला, त्याला लागलेली पिठी झटकली. बराच वेळ तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग जेवताना सगळ्यांसमोर म्हणाली, "बार सापडला हो. तांदळात पडला होता. त्या दिवशी घाईत माझ्याच हातून पडला असणार."

वामनभावजी म्हणाले, "धांदरट कुठली."

"हो ना," ती म्हणाली आणि माझ्या पानात भात वाढला.

तिनं मला धरलं असतं, चारचौघांत नाव घेतलं असतं, तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. तिनं ते होऊ दिलं नाही. तिच्या मोठेपणाचाही मला हेवा वाटला. कशाकशाचा हेवा करावा माणसानं!

पुढं स्मार्टफोन आले, त्यावर तिनं या लोकांचा ग्रुप केला. कोल्हापूरचे, गोव्याचे, कुठकुठले लोक त्यात आले. तिचा फोन सतत वाजे. यजमान गेल्यावर घरात आम्ही तिघंच राहिलो. मागं दोन खोल्या बांधून आम्ही पर्यटकांना द्यायला लागलो. पर्यटकसुद्धा परत जाताना तिचा नंबर घेऊन जायचे.

२०२२ मध्ये तिची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा अलिबागला डायलिसिस. भावजींना रक्त बघवत नाही, म्हणून बरोबर मी जायचे. चार-चार तास तिच्या खाटेशेजारी बसून राहायचे. तिथल्या मुलींनाही तिनं आठवड्याभरात नावानं ओळखायला सुरुवात केली होती.

एक दिवस डोळे मिटूनच ती म्हणाली, "वहिनी, एक विचारू? तुम्हाला माझा राग का येतो?"

मी पदराशी चाळा करत होते. म्हटलं, आता काय लपवायचं. "राग नाही गं. हेवा."

"हं. तेच असेल असं वाटायचं मला." तिनं डोळे उघडले. "मध्यंतरी मी गिटार बंद करायचा विचार केला होता. बत्त्याच्या वेळेला."

"मग का नाही केलीस?"

"म्हटलं, मी थांबले म्हणून तुमचं गाणं थोडंच परत येणार आहे?"

ती मशीन तेवढी घरघरत होती. मग तिनं हळूच, अगदी सरळ आवाजात विचारलं, "सासूबाई जाऊन चोवीस वर्षं झाली, वहिनी. तुम्ही का नाही गायलात?"

कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. चोवीस वर्षं. त्या घरात मला अडवायला कुणी उरलं नव्हतं. यजमानांनी तर एकदा आपणहून विचारलं होतं, तंबोरा आणू या का अलिबागहून, आणि मी म्हटलं होतं, "आता कशाला? आता घरात गाणारं-वाजवणारं आहे की." म्हणजे मी माझं गाणं सोडलं नव्हतं, तिच्या नावावर टाकून ठेवलं होतं. रियाज करायला कष्ट पडतात. सूर लागला नाही तर लाज वाटते. हेव्याला कष्ट नाहीत. तो चुलीवर मंद आचेवर ठेवून दिला की झालं.

"मला नाही सांगता येणार," मी म्हटलं.

"राहू दे," ती म्हणाली. "मी आपलं सहज विचारलं." आणि थोड्या वेळानं, "तांदळात कशाला टाकलात पण? गंजला असता ना."

मला हसू आलं. तीही हसली. बाजूची मुलगी धावत आली, "काकी, हलू नका, सुई निघेल!" आम्ही त्याबद्दल पुन्हा बोललो नाही. पण दवाखान्यातून घरी येताना रिक्षात तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मी ते तसंच राहू दिलं.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात ती गेली. शोकसभेत भार्गवी बोलली, "माझ्या दोन आया." मी समोर बसून ऐकलं. दोन म्हणाली, हे तरी बरं, असं मनात आलं. आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी येत होतं. ते मृणालीसाठी होतं, की माझ्यासाठी, ते मला अजूनही वेगळं करता येत नाही.

तिचा फोन भावजींनी माझ्या हातात आणून दिला. "वहिनी, मला तिच्या नावानं आलेले फोन घेववत नाहीत. तुम्हीच घ्या." बंद करून टाकावा असं मला वाटलं होतं. पण तो वाजला की हात जायचा. "मृणालीताई आहेत का?" "नाहीत. वारल्या." मग कुणी रडायचं, कुणी आठवण सांगायचं. तिनं रात्री-बेरात्री पाठवलेल्या तारा, तिनं हट्टानं मांडवात बसवलेला एखादा लाजरा माणूस. मी ऐकत बसायचे, आणि हे सगळं ती कधी करत होती, तेव्हा मी काय करत होते, असा प्रश्न पडायचा.

मार्चमध्ये म्हसळ्याहून एकाचा फोन आला. ती गेल्याचं त्याला माहीत होतं, पण त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा नंबर नव्हता. "माझी गिटार लागतच नाहीय. ताई फोनवरून ऐकून सांगायच्या."

"मी त्यातली नाही," म्हटलं. मग काय वाटलं कोण जाणे, "बरं, वाजवा बघू एकेक तार," असं म्हणून गेले.

त्यानं वाजवल्या. "दुसरी चढलीय," मी म्हटलं. "थोडी उतरवा. अजून. अजून थोडी. थांबा. आता पाचवी."

दहा मिनिटांत लागली. तो माणूस हरखून गेला. "एकदम बरोबर! तुम्ही ताईंच्या कोण?"

"जाऊ."

"मग बरोबर. त्यांनीच शिकवलं असणार तुम्हाला."

माझी कानशिलं तापली. मेलेल्या माणसाचा असा हेवा करणारी जगात मी एकटीच असेन. पण या वेळी मी गप्प बसले नाही. "नाही," म्हटलं. "माझं मी शिकले होते, लग्नाच्या आधी. कान माझा आहे." तो गडबडून माफी मागायला लागला. मी म्हटलं, "माफी नको. पहिली तार परत वाजवा, ती मला जरा कमी वाटतेय."

नंतर असे फोन वाढले. मला त्यातलं वाजवायचं काही येत नाही, पण कुठं बिघडलंय ते ऐकू येतं, आणि मी ते तोंडावर सांगते. मृणाली गोड बोलायची. माझ्याबद्दल ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, "काकू कडक आहेत, पण बरोबर सांगतात." ते मी दोनदा वाचलं.

त्या वर्षी मेळावा झाला नाही. यंदाच्या जानेवारीत रत्नपाल सरांनी तो मुरुडला ठेवला. मला कळल्यावर मी त्यांच्याशी फोनवर भांडले. "इतकी वर्षं आमच्या अंगणात झाला, आता मुरुडला कसा?" सर बिचारे म्हणाले, "वहिनी, तुमच्यावर कामाचा बोजा नको म्हणून..." मला म्हणायचं होतं, तो बोजा माझा होता, तुम्ही परस्पर कसा उचललात? पण नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला.

भार्गवी पुण्याहून आली. आम्ही दोघी अलिबागहून एसटीनं गेलो. काशीदच्या चढावर तिनं माझ्या हातावर हात ठेवला होता. मुरुडला नारळीच्या बागेत सतरंज्या घातल्या होत्या, बाजूला कोळणींचं सुक्या मासळीचं वाळवण, वास सगळा वाऱ्यावर. शिंप्याच्या बायकोनं चुलीवरचा चहा आणून दिला. नव्वद-एक माणसं होती. भार्गवीनं मृणालीची गिटार वाजवली. सराव सुटलाय तिचा. दोन ठिकाणी घसरली. मी काही बोलले नाही. तिनं स्वतःच येऊन विचारलं, "कुठं चुकलं, आई?" तेव्हा सांगितलं.

शेवटी सरांनी विचारलं, या मेळाव्याला यापुढं ताईंचं नाव द्यावं का. "घरचं माणूस म्हणून आधी वहिनींना विचारतो."

सगळे माझ्याकडे पाहत होते. मला वाटलं, माझ्या नावाचं या जगात काय राहील? एक खलबत्ता. मी म्हटलं, "मला एकटीला कशाला विचारता? सगळ्यांचे हात मोजा." हात वर झाले, भराभर. माझा शेवटी गेला. पण गेला.

मग जेवणं झाली. सुरमई चांगली होती. रोह्याच्या नर्सनं परत एकदा आपली गिटार लावून घेतली माझ्याकडून, आणि चारच्या गाडीसाठी आम्ही स्टँडवर आलो. गाडीत भार्गवी झोपली. माझ्या पिशवीत मृणालीचा फोन दोनदा वाजला. पहिला मी घेतला नाही. दुसरा घेतला.